आतून लागणारी कडी

तीन वेळा मी ते दार वाजवलं. पहिल्यांदा बोटाच्या पेरानं, दुसऱ्यांदा तळहातानं आणि तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, रागानं. दवाखान्याच्या तळमजल्यावर तपासणीच्या खिडकीला लागून बायकांसाठी एकच संडास, आणि तो गेला अर्धा तास आतून बंद. माझ्या हातात लघवीच्या तपासणीची छोटी बाटली, तिच्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी, रांगेत पहिला नंबर आणि मागे सहासात जणी. आतून पाण्याचा आवाज यायचा. नळ सुरू, नळ बंद, मग बराच वेळ काहीच नाही, मग कापड पिळल्यासारखं काहीतरी, मग पुन्हा नळ. मागची एक म्हणाली, "झोपली की काय आत?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी दिसल्या, तशी मी त्यांना हाक मारली, "मावशी, बघा ना जरा, कोण केव्हाची आत बसलीय. असं चालतं का इथं?" त्या 'असं चालतं का'मधला माझा सूर मला अजून ऐकू येतो.

मावशींनी दारावर दोन थापा मारल्या आणि दार उघडलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. केस ओले, पिळून मागे टाकलेले. अंगात एकावर एक दोन शर्ट, आतल्याची कॉलर भिजलेली. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पिळलेल्या कपड्यांचा बोळा, पिशवीच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. दुसऱ्या हातात मात्र, अगदी जपून धरलेली, भरलेली बाटली. मावशी तिला काय काय बोलल्या. इथं काय आंघोळीला येता का, बाकीच्यांनी काय करायचं, असलंच. ती काही बोलली नाही. बाटली खिडकीत ठेवली, झाकण घट्ट लागलंय का ते दोनदा बघितलं आणि वळली. दार वाजवणारी मीच, हे तिला कळलं असावं. माझ्यापाशी क्षणभर थांबून म्हणाली, "ताई, इथं आतून कडी लागते."

आवाजात तक्रार नव्हती, माफीही नव्हती. एखाद्या अनोळखी गावात चांगलं पाणी कुठं मिळतं ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा फरशी बघितली. घाण केली असेल, असं मनात होतं म्हणूनच बघितली. फरशी ओली होती, पण स्वच्छ. कोपऱ्यात तिनं पाणी ओढून काढल्याच्या खुणा होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर साबणाचा नखाएवढा तुकडा राहिला होता. दाराची कडी लोखंडी, गंजलेली, ओढली की करकरायची. इतकी वर्षं मी हजारो दारांच्या कड्या लावल्या असतील, एकीकडेही कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी ती लावताना बोटांना तिचा खरखरीतपणा जाणवला, आणि मी हात जरा जास्तच वेळ धुतला. कडीला हात लावल्यामुळे की तिच्यानंतर आत गेल्यामुळे, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

बाहेर आले तर ती पुढच्या खोलीपाशी उभी होती. टेबलामागच्या सिस्टर केसपेपर भरत होत्या. नाव झालं, वय झालं. पत्ता? ती गप्प. सिस्टरनी मान वर न करता पुन्हा विचारलं, "राहतेस कुठं?" मुलीनं अर्धवट हात केला, तो दाराच्या दिशेनं गेला. सिस्टरना सवय असावी. त्यांनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि पुढच्यावर आल्या, "शेवटची पाळी कधी आली होती? तारीख सांग." आता मात्र मुलगी विचारात पडली. बोटं मोजली, सोडून दिली. मग म्हणाली, "मोठा पाऊस आला ना, रात्रभर, त्याच्या आधी." सिस्टरचं पेन थांबलं. शेजारच्या बाकावर बसलेली मीही मनातल्या मनात आठवू लागले, मोठा पाऊस नेमका कधी झाला होता? मला आठवेना. मी त्या रात्री घरात होते ना.

दाराबाहेर एक पोरगा तिची दुसरी पिशवी पोटाशी धरून उभा होता. तिच्याच वयाचा, ओठ फुटलेले, डोळे झोप न झालेले. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि ठरवून टाकलं, हाच तो. माझ्यासारख्या बायका असे निकाल किती झटपट लावतात! त्याच्याबद्दल पुढे सांगते.

शेवटच्या पाळीची तारीख. हे तीन शब्द त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात घर करून राहिले. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावानं ओळखला जाणारा एक साधा हिशेब आहे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे जायचं, वर्ष एक पुढे ढकलायचं. दोनशे ऐंशी दिवस. एकोणिसाव्या शतकातला हा हिशेब आजही जगभरच्या दवाखान्यांत चालतो. कितवा महिना, कोणती तपासणी कधी, बाळ वेळेआधी आलं की वेळेवर, सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं. आणि ती तारीख सांगायला तीन गोष्टी लागतात, भिंतीवरचं कॅलेंडर किंवा चार्ज असलेला फोन, वार कळण्याइतपत ठरावीक दिवस, आणि वेळेवर येणारी पाळी. तिच्याकडे यातलं एकही नव्हतं. सोनोग्राफीनं वय काढता येतं, पहिल्या तीन महिन्यांत तर बरंच अचूक. पण जितका उशीर, तितकी चूक वाढत जाते, आणि उशीर तर होतोच.

का होतो, ते मला हळूहळू उमगत गेलं. पोट सतत अर्धं असलं, वजन घटलं, रात्र रात्र ताणात गेली की शरीर पाळी थांबवतं. मेंदूच देतो तो हुकूम, आता परवडणार नाही म्हणून. मग दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी न येणं ही रोजचीच गोष्ट होऊन बसते. घरातल्या मुलीची पाळी आठ दिवस लांबली तर तिच्या पोटात गोळा येतो. रस्त्यावरच्या मुलीला वाटतं, बरं झालं, एक कटकट कमी. पॅड शोधायला नको, धुवायला जागा शोधायला नको. मळमळतंय तर ते उपाशीपोटी मळमळतंच, चक्कर येते तर ती येतच असते. गरोदरपणाची एकूण एक खूण तिच्या रोजच्या जगण्यातही तशीच असते. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. त्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं, तेही दिवस राहण्याच्या आधीपासून. ती दवाखान्याच्या पायरीवर येईपर्यंत ते दार कधीच मिटलेलं असतं.

आमच्या घरातल्या न्हाणीघराची कडी एकदा तुटली होती. मी चौदाची असेन. सुतार आज येतो, उद्या येतो करत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत घरात सगळ्यांनी खोकायला शिकून घेतलं. बाबा न्हाणीकडे जाताना उगाच मोठ्यानं गुणगुणायचे, भाऊ लांबूनच "कोण आहे?" ओरडायचा. आणि मी आत असले की आई बाहेर पाट टाकून निवडण-टिपण करत बसायची. ती काहीच बोलायची नाही, फक्त सुपाचा आवाज यायचा. त्या आवाजाच्या भरवशावर मी आंघोळ करायचे, कपडा बदलायचे, तो धुवायचे. तरीही नजर दारावरच असायची. एक पाय दाराशी रेटून ठेवून उभ्या उभ्या अंग पुसायची सवय तेव्हा लागली, ती कडी बसल्यावरही कित्येक दिवस गेली नाही. हे माझं घर होतं. बाहेर बसलेली माझी आई होती. आणि तरी.

ज्यांना दारच नाही त्या मुली लघवी धरून ठेवतात. अंधार पडेपर्यंत, पहाट होईपर्यंत, एखादं सार्वजनिक स्वच्छतागृह उघडेपर्यंत. धरून ठेवायची म्हणून पाणी पीत नाहीत. पाणी कमी, लघवी तुंबलेली, मग जळजळ, मग ताप. मूत्रमार्गाचा संसर्ग आपल्या घरात होतो तेव्हा एक गोळ्यांची पट्टी आणि "पाणी भरपूर पी" एवढ्यावर भागतं. गरोदर मुलीत तोच संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. 'पाणी भरपूर पी' हा सल्ला तिला कसा ऐकू येत असेल, असं आता मला वाटतं. पिईन, पण नंतर जाऊ कुठं?

पाळीच्या कपड्याचंही तसंच. कपडा वापरण्यात गैर काही नाही, फक्त तो साबणानं धुवून कडक उन्हात वाळवायला हवा, असं सगळी पत्रकं सांगतात. उन्हात म्हणजे उघड्यावर. जिचं सगळं आयुष्यच उघड्यावर आहे, तिला ही एक गोष्ट तरी उघड्यावर टाकायची नसते. ती ओला कपडा पिशवीत कोंबते आणि ओलाच परत वापरते. त्या दिवशी गळणाऱ्या पिशवीत काय होतं, ते मला घरी आल्यावर, रात्री, आडवी झाल्यावर सुचलं. स्कॉटलंडच्या संसदेनं २०२० साली कायदा केला, पाळीची साधनं गरज असेल त्या प्रत्येकीला फुकट मिळावीत असा. २०२२ पासून तो लागूही झाला. वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण पॅड हातात पडल्यावर तो बदलायला आडोसा लागतो, हात धुवायला पाणी लागतं आणि वापरलेला टाकायला डबा. कायद्याच्या मसुद्यात हे किती बसतं, कोण जाणे. मासिक पाळीच्या कपाचे गोडवे गाणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला मी विचारलं, उकळायचा कशात? ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेला गुंडाळून झोपलेली आकृती येते. तरुण पोरांचं बेघरपण पुष्कळदा असं दिसतच नाही. आज या ओळखीच्याच्या सोफ्यावर, उद्या त्या मित्राच्या खोलीत, परवा रात्रभर उघड्या असलेल्या एखाद्या ठिकाणी खुर्चीत बसून. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं सोफ्यावरचं बेघरपणही धरलं होतं, तेव्हा अठरा ते पंचवीस वयातल्या दर दहांतल्या एकानं वर्षभरात कधी ना कधी ते अनुभवलेलं निघालं. आकडा त्या देशाचा आहे, पण सोफा कुठल्याही देशातला असू शकतो. आणि सोफ्याला किंमत असते. ती पहिल्या रात्री कुणी मागत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री मागतं. यासाठी इंग्रजीत एक घट्ट शब्दप्रयोग आहे, मराठीत मला तो सापडत नाही आणि बनवावासाही वाटत नाही. डोक्यावर छप्पर हवं म्हणून शरीर पुढे करावं लागणं, एवढंच सरळ म्हणते. तिथं 'निरोध वापर' असं म्हणायची ताकद कुणात असते? घर ज्याचं, शब्द त्याचा. आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांत पोलिसांनी खिशात सापडलेली निरोधाची पाकिटंच देहविक्रीचा पुरावा म्हणून धरल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे वापरलं नाही तर रोग, बाळगलं तर कोठडी.

त्याच देशातल्या १९९८ सालच्या एका अभ्यासाचे आकडे मला विसरता येत नाहीत. चौदा ते सतरा वयाच्या मुली. घरात राहणाऱ्यांपैकी कधी ना कधी गरोदर राहिलेल्या दहा टक्क्यांहून कमी. निवाऱ्यात राहणाऱ्यांपैकी ३३ टक्के. रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी ४८ टक्के. एकाच वयाच्या मुली. पायऱ्या उतरत गेल्यासारखे आकडे. यातल्या कितीजणी दिवस गेले म्हणून घराबाहेर काढल्या गेल्या आणि कितीजणींना घराबाहेर पडल्यामुळे दिवस गेले, हे या आकड्यांत शोधू नये. दोन्ही होतं. काहींच्या बाबतीत तर ज्याच्यामुळे दिवस गेले, तो घरातच होता.

"मग गोळ्या का नाही घेत?" हा प्रश्न मला माझ्याच वहिनीनं विचारला. मी हे सगळं तिला सांगत होते तेव्हा. प्रश्नात कुजकेपणा नव्हता, ती खरंच विचारत होती. गोळी रोज एका ठरलेल्या वेळी घ्यायची असते. ती ठेवायला कोरडी जागा लागते. बेघर माणसाच्या पिशव्या चोरीला जातात, भिजतात, झाडूवाले उचलून नेतात, पोलीस उधळून लावतात. पाकीट गेलं की चक्र मोडलं. म्हणून मग जे चोरीला जात नाही ते बरं, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन किंवा दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी, जी वर्षानुवर्षं काम करते, किंवा तांबी. मलाही हे उत्तर पटलं होतं. इतकं सोपं उत्तर हाताशी असताना कुणी ते का देत नाही, असंही वाटलं. मग दवाखान्यातल्याच एका ओळखीच्या डॉक्टर बाईंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. इंजेक्शन आणि काडी, दोन्हींमुळे काही जणींना पहिले कित्येक महिने अधूनमधून, कधीही, थोडं थोडं रक्त जात राहतं. तांबीनं पाळी जास्त जाते. पुस्तकात याला किरकोळ त्रास म्हणतात. "किरकोळ कुणासाठी?" बाई म्हणाल्या. आधीच रक्त कमी, बदलायला कपडा नाही, धुवायला पाणी नाही, आणि डाग दिसला की निवाऱ्यातल्या बाकीच्या नाकं मुरडणार. ज्या मुलीला आपण "विसरूनच जा" म्हणून काडी बसवतो, तिला ती रोज आठवत राहते.

आणि दुसरं म्हणजे, नको झाली की काढणार कोण? बसवायला शिबिर येतं. काढायला शिबिर येताना मी तरी पाहिलं नाही.

इथं मला माझ्याच मनाचा जरा संशय येतो. तिला मूल होऊ नये असं मला का वाटत होतं? तिच्या भल्यासाठी, हे पहिलं उत्तर. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे आणि ते चांगलं नाही. कॅरी बक नावाची एक मुलगी होती, व्हर्जिनियात. ही लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी वाढलेली, आईला पुढे संस्थेत टाकलेलं. त्या घरातल्या नातेवाईक तरुणानं तिच्यावर बलात्कार केला, ती गरोदर राहिली, आणि घरच्यांनी तिलाच मंदबुद्धी ठरवून संस्थेत पाठवलं. सतराव्या वर्षी आई झालेल्या या मुलीची सक्तीनं नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ साली परवानगी दिली, आठ विरुद्ध एक मतानं. तिच्या आईत, तिच्यात आणि सहा महिन्यांच्या असताना तपासलेल्या तिच्या मुलीत बुद्धीचा वारसाच खोटा आहे, असं मानून. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली आणि आठ वर्षांची असताना आजारानं गेली. न्यायालयातल्या त्या आठ शहाण्या माणसांनाही वाटलं असणार की आपण सगळ्यांचं भलंच करतोय. आपल्याकडची आणीबाणीतली वर्षं आठवणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू?

१९९४ साली कैरोमध्ये १७९ देशांनी मिळून एक कार्यक्रम मान्य केला. मूल हवं की नको, केव्हा, किती, हे ठरवायचं स्वातंत्र्य, त्यासाठी लागणारी माहिती आणि साधनं, आणि सुरक्षित, समाधानाचं लैंगिक आयुष्य, हे सगळं मिळून प्रजनन आरोग्य, अशी त्यातली व्याख्या. सुंदर आहे ती. मी ती दोनदा वाचली. समाधान हा शब्द तिथं पाहून तर मला थोडं रडूच आलं. ओल्या कॉलरच्या त्या मुलीच्या बाबतीत हा शब्द कुणी, कधी, कुठल्या रकान्यात लिहिला असता?

डॉक्टर बाईंना मी विचारलं, सगळ्यात अवघड काय जातं? मला वाटलं बाळंतपण म्हणतील. त्या म्हणाल्या, "सात दिवस." क्लॅमिडिया नावाचा संसर्ग असतो, बायकांना पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, खुपत नाही, आणि आतल्या आत गर्भनलिका चिकटवून टाकतो. पुढे मूल हवं झालं की मग समजतं. औषध साधं आहे, दिवसातून दोन गोळ्या, सात दिवस. त्या सात दिवसांत संबंध ठेवायचा नाही आणि जोडीदारालाही औषध द्यायचं, नाहीतर पुन्हा तेच. "मी हे वाक्य रोज म्हणते," बाई म्हणाल्या, "संबंध टाळा आणि जोडीदाराला घेऊन या. एकदा एकीनं विचारलं, कुठल्या? तिनं उद्धटपणे नव्हतं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं की मी कुणाबद्दल विचारतेय." त्यापेक्षा सिफिलिस बरा, असं त्या हसत म्हणाल्या. लवकर सापडला तर पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, चोवीस लाख युनिटचं, तिथल्या तिथं टोचून मोकळं. १९४३ पासून या रोगावर पेनिसिलिन आहे. आणि तरीही गरोदर बाईचं रक्त न तपासल्यामुळे अजून बाळं पोटात मरतात. "मुलगी समोर बसलेली असते ना, तेव्हाच सगळं उरकायचं," बाई म्हणाल्या. "उद्या ये म्हटलं की गेली."

पण तेव्हाच सगळं उरकत नाही. बलात्कारानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची नेहमीची गोळीही तेवढ्याच वेळात, जितकी लवकर तितकी बरी. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस, आणि ते तीन दिवस पुष्कळदा कुठेतरी अंग चोरून पडून राहण्यात जातात. अल्पवयीन असली तर पालकाची सही आणा म्हणतात, आणि ज्या माणसापासून ती पळून आली त्याचीच सही लागते. गरोदर असली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशीप्रमाणे प्रसूतीपर्यंत किमान आठ वेळा तपासणी व्हायला हवी. आठ वेळा तोच केसपेपर, कोरडा, न फाटलेला. आणि मनात भीती, की पत्ता नाही म्हटल्यावर बाळ काढून घेतील. या भीतीला खोटी म्हणता येत नाही, काही ठिकाणी घेतातच. म्हणून काहीजणी कळा सहन करत शेवटच्या घटकेपर्यंत येत नाहीत, आणि मग आपण म्हणतो, इतका उशीर का केलास?

आता त्या पोराबद्दल. माझा रिपोर्ट यायला वेळ होता, म्हणून मी बाहेर पायरीवर बसले होते. तो दोन पायऱ्या खाली. पिशवी अजून पोटाशीच. बोलायला त्यानंच सुरुवात केली. तिचं झालं का, म्हणून विचारलं. मी जरा ताठरपणेच म्हटलं, व्हायचंय. मग त्यानं कुणाला तरी सांगायलाच हवं होतं तसं सांगितलं, की ती रात्री झोपते तेव्हा तो जागा राहतो आणि दिवसा तो झोपतो तेव्हा ती. दोघं एकदम झोपले की काहीतरी होतंच. तो तिचा कोण, हे त्यानं सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. पोट कुणामुळे, हे तर मला विचारायचा अधिकारच नव्हता. मला फक्त आईच्या सुपाचा आवाज आठवला.

थोड्या वेळानं, खाली बघत, पिशवीच्या बंदाला गाठ मारत तो म्हणाला, "पुरुषांचं बघतात का इथं?"

मला कळलं तो काय विचारतोय. पायरीवर बसतानाच तो ज्या पद्धतीनं बसला होता, त्यावरून मघाशीच कळायला हवं होतं. अशा मुलांवरही ज्या गोष्टी होतात, त्यांना आपल्या भाषेत मुलांसाठी शब्दच नाही. जे आहेत ते शिव्या आहेत. दुखलं तरी, जळजळलं तरी, जखम असली तरी ते सांगायला त्याला एका अनोळखी बाईपाशी यावं लागलं, पायरीवर, उघड्यावर. मी म्हटलं, "माहीत नाही रे." एवढंच. आत जाऊन विचारायला दहा पावलं लागली असती. नेमकं तेव्हाच खिडकीतून माझं नाव पुकारलं. मी उठले, रिपोर्ट घेतला, सगळं ठीक होतं, त्या आनंदात मागच्या दारानं रिक्षाकडे निघून गेले. ती दोघं तिथंच होती की गेली होती, ते मी बघितलं नाही.

दार वाजवलं म्हणून मला टोचतंय, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते सोयीचं होतं.

परवा पुन्हा त्या दवाखान्यात जायचा योग आला. तीच खिडकी, तशीच बाटली. पहिल्यांदा जाऊन मी सिस्टरना विचारलं, पुरुषांचं कुठं बघतात. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका ओळखीच्या मुलासाठी. "जिन्यामागची खोली. बोर्ड नाही तिथं, विचारावं लागतं," त्या म्हणाल्या. मी जिन्यामागे जाऊन आले. दार अर्धवट उघडं होतं, आत बाकावर कुणी नव्हतं, पंखा चालू होता.

मग संडासाकडे वळले तर दाराला कुलूप. मावशी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर लाकडी ठोकळा, ठोकळ्याला बांधलेली किल्ली. "आता किल्ली मागायची," त्या म्हणाल्या. "लोक आत जाऊन बसतात ना तासन् तास. तुम्हीच नव्हत्या का त्या दिवशी? तुमच्यासारख्या चारपाच जणींनी सांगितलं, मग साहेबांनी करून टाकलं." त्यांनी उठून कुलूप काढून दिलं. "व्हा पटकन, मी आहे इथं बाहेर."

आत गेले, दार लोटलं आणि सवयीनं हात वर नेला. कडी नव्हती. स्क्रूची चार भोकं होती, आणि त्यांच्याभोवती दाराच्या जुन्या रंगाचा, कडीच्या आकाराचा एक पट्टा. बाहेर मावशी खोकल्या. मी एक पाय दाराशी रेटून उभी राहिले.